गारगोटीचा चीक

वाशीमचा जिल्हा मोडून अकोल्यात मिळवला तेव्हा कचेऱ्या गेल्या, साहेब लोक गेले, पण सिव्हिल लाइनीतल्या क्लबातलं बिलियर्डचं टेबल जागचं हललं नाही. त्याच्या पोटात दगडाच्या जाड लाद्या होत्या आणि त्या उचलायला कोणी धजलं नाही, असं जुने लोक सांगत. पुढे वकील, मुन्सफ, तहसीलदार, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर अशी मंडळी संध्याकाळी तिथे जमू लागली आणि गॅसबत्तीच्या उजेडात टेबलावर ताणलेल्या हिरव्या लोकरी बनातीवर हस्तिदंती चेंडू ढकलू लागली.

या टेबलाची देखभाल उकंडराव करी. त्याला मार्कर म्हणत. खेळाचे गुण मोठ्याने सांगायचे, बनात ब्रशाने झाडायची, काठ्या पुसून भिंतीला लावायच्या, हे त्याचं काम. पगार बेताचाच होता, पण क्लबाच्या मागे नोकरांच्या ओळीत त्याला राहायला एक खोली मिळाली होती. ही गोष्ट त्या खोलीची आहे, आणि ती जिने धरून ठेवली त्या प्रयागबाईची, म्हणजे उकंडरावच्या बायकोची.

प्रयागबाईला शहराची हौस नव्हती. अनसिंगला तिचं सासर, घर भरलेलं, शेत बरं. पण पंचफुला, तिची एकुलती लेक, जन्मापासून छातीने अधू होती. चार वर्षांची असताना, वेचणीच्या दिवसांत, माजघरात कापसाचा ढीग पडलेला असताना पोरीचा दम असा कोंडला की ओठ जांभळे झाले. बैलांची दमणी जुंपून तिला वाशीमला आणलं. वाटभर प्रयागबाई पोरीच्या नाकाशी हात धरून बसली होती. हाताला ऊन वाफ लागली की पुढची वाफ लागेपर्यंत तिचा स्वतःचाच श्वास अडकून राहायचा. दवाखान्यात औषध मिळालं, पोर वाचली. परत निघायच्या दिवशी मात्र प्रयागबाई दमणीत बसेना. जिथून दवाखाना दिसत नाही तिथे मी राहणार नाही, एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं. उकंडराव भावांत धाकटा, त्याच्यावाचून शेत अडणार नव्हतं. त्याने इकडेतिकडे शब्द टाकला आणि क्लबातली ही जागा मिळवली. खोलीच्या दारात उभं राहिलं की समोर दवाखान्याच्या आवारातला कडुलिंब दिसे. प्रयागबाईला तेवढं पुरे होतं.

मग तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली, आणि दोन-तीन वर्षांत विलायती खडू यायचा बंद झाला.

हा खडू पाटीवर लिहायचा नव्हे. बिलियर्डच्या काठीच्या टोकाला कातड्याची टिकली असते. ती या निळ्या खडूच्या वडीवर घासली म्हणजे तिला खरखरीतपणा येतो आणि ती चेंडूला नीट धरते. टिकली कोरडी राहिली तर काठी चेंडूवरून निसटते आणि टोक थेट बनातीत घुसतं. क्लबातल्या वड्या झिजून नखाएवढ्या झाल्या. मंडळींनी शाळेचा खडू लावून पाहिला, पण तो मऊ, पिठासारखा. एका संध्याकाळी मुन्सफांच्या हातून काठी निसटली आणि बनातीला बोटभर चीर पडली.

क्लबाचे सेक्रेटरी काण्णव वकील. माणूस शांत होता, पण बोलायचं ते स्पष्ट बोलायचा. त्यांनी उकंडरावला सांगितलं की लढाई संपेपर्यंत नवी बनात मिळायची नाही. आणखी एक चीर पडली तर टेबल झाकून ठेवावं लागेल. टेबल झाकलं तर मार्कर ठेवून काय करायचं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. उकंडरावला ते कळलं, आणि घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा प्रयागबाईलाही.

तिने त्याच्या हातातला खडूचा उरलेला तुकडा घेतला, दोन बोटांत चोळला, जिभेच्या टोकाला लावून पाहिला.

"थे रांगोळीवानी लागते," ती म्हणाली.

रांगोळी तिला ठाऊक होती. तिची आई पोहरादेवीच्या जत्रेत रांगोळी विकायची. पांढरे दगड फोडून, कुटून, चाळून घरीच करायची. प्रयागबाईने घरातली रांगोळी घेतली, बाभळीच्या डिंकात मळली, नीळ घालून गोळा केला आणि वाळवला. उकंडरावने तो क्लबात नेऊन एका जुन्या काठीवर घासून पाहिला. डिंक इतका झाला होता की वडीला चकाकी आली होती. घरी येऊन त्याने ती तिच्यापुढे ठेवली.

"हा खडू नाई, साबन हाय."

ती हसली नाही. तिने डिंक कमी केला. तरी रांगोळीला धार नव्हती, ती लगेच विरून जायची. तेव्हा ती नाल्यावर गेली आणि ओटीत गारगोट्या घेऊन आली. गारगोटी तशी कुटायला दाद देत नाही. पण चुलीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की तडकते, मग मुसळाखाली साखरेसारखी फुटते. तो चुरा तिने जात्यावर दळला, मलमलीतून चाळला, डिंकाचं नुसतं नावाला पाणी लावलं, चिमूटभर नीळ घातली आणि आगपेटीच्या खणात दाबून भरला. सावलीत वाळवून त्याच्या वड्या कापल्या. या वड्या कातड्याला धरल्या. उकंडराव त्या दिवशी शीळ घालत घरी आला.

काण्णव वकिलांनी एक युक्ती केली. घरी केलेला खडू म्हटला तर मंडळी आधी नाक मुरडतील आणि प्रत्येक चुकलेला डाव खडूवर ढकलतील, म्हणून त्यांनी सांगून टाकलं की नागपूरहून डबा मिळाला आहे. उकंडरावलाही त्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं. मंडळी नागपूरचा खडू म्हणून तो खुशीने वापरू लागली.

घरात मात्र त्या खडूने ठाण मांडलं. जातं एकच. ते कितीदा कोंडा घालून फिरवलं, झटकलं, पुसलं, तरी भाकरीत कचकच यायची ती यायचीच. शेवटी प्रयागबाईने आपलं जातं गारगोटीला देऊन टाकलं आणि पीठ दळायला शेजारच्या गोजराबाईकडे जाऊ लागली. गोजराबाई क्लबाच्या माळ्याची बायको. तिला सगळं दिसत होतं, पण ती पोटात ठेवून होती. एवढंच म्हणाली, "काव प्रयाग, तुया घरी दगडाले दोन वेळचं जातं अन मानसं माया दारात."

थंडी सरली तरी पंचफुलाचा खोकला सरला नाही. आधी प्रयागबाईने हवेला दोष दिला, मग बोरांना. आडुळशाचा काढा दिला, छातीला तेल चोळलं. एका दुपारी पोर जात्याजवळच चटईवर झोपली होती आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. दळता दळता प्रयागबाईचं लक्ष त्या तिरिपेकडे गेलं. ऊन दिसतच नव्हतं. दिसत होता तो नुसता पांढरा धूर, हळूहळू खाली उतरणारा. तिने खाली पाहिलं. पोरीच्या पापण्यांवर, नाकपुड्यांच्या कडेला पांढरं बसलं होतं.

तिने जात्याचा खुंटा सोडला आणि पोरीला तशीच उचलून दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग घरात काही कुटता-दळता का, असं विचारलं. हे डॉक्टर रोज संध्याकाळी क्लबात खेळत. खरं सांगितलं तर वकिलांचा शब्द खोटा पडणार, आणि खडू बंद झाला तर खोली जाणार. प्रयागबाईच्या तोंडून निघालं, "रांगोळी करतो जी. घरापुरती."

"ती बंद करा," डॉक्टर म्हणाले. "या छातीला धूळ चालायची नाही. औषध मी देतो, पण धूळ राहिली तर औषधाचा काही उपयोग नाही."

त्या संध्याकाळी डॉक्टर क्लबात आले, वडी उचलून काठीला घासली आणि खेळायला लागले. उकंडरावने गुण सांगितले. घरी आल्यावर प्रयागबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि ती समोर बसली.

"उद्यापासून मी दयत नाई."

"मंग काठीले काय लावू?"

"काईबी लावा. पोरीचा दम कोंडला त खोली कोनासाठी ठेवता?"

उकंडरावने घास तसाच हातात धरला. "अन खोली गेली त? अनसिंगले कापूस नाई का? तिथं दवाखाना हाय का?"

तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. त्याने जेवण संपवलं. खडू केला तरी पोरीवर संकट आणि नाही केला तरी तिच्यावरच, हे दोघांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईने जातं उचलून मागच्या चिंचेखाली नेलं. पोरीला घरात ठेवून दार लावून घेतलं आणि ती बाहेर दळायला बसली. वारा होता. थोड्याच वेळात गोजराबाई पदराने तोंड झाकून बाहेर आली. तिची लेकरं तिथेच खेळत होती आणि त्यांच्या डोक्यावर पीठ पेरल्यासारखं झालं होतं. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं गोजराबाईने त्या दिवशी काढलं. रांगोळी म्हणून सांगते, पण क्लबाचा खडू करून राह्यली हे मला माहीत आहे, असंही सुनावलं. आणि जाता जाता म्हणाली, "तुई पोरगी थे पोरगी, अन माये पोट्टे काय गोटे हायेत?"

प्रयागबाई जातं थांबवून बसून राहिली. गोजराबाईचं बोलणं तिला लागलं, पण राग येईना. आपण तिच्या जागी असतो तर जात्यालाच लाथ मारली असती, असं तिच्या मनात आलं. तिने चुरा फडक्यात बांधून टांगून ठेवला आणि दळण बंद केलं. क्लबात थोड्या वड्या शिल्लक होत्या, त्यांवर दिवस निघत राहिले. उकंडराव प्रत्येक खेळानंतर वडी स्वतःच उचलून ठेवू लागला, मंडळींच्या खिशात जाऊ नये म्हणून.

शिमगा झाला आणि ओळीतल्या बायकांनी कुरड्यांचे गहू भिजत घातले. कुरड्या एकटीने होत नाहीत. गहू वाटायला, पिळायला चार हात लागतात, आणि ज्यांच्याशी भांडण झालं त्यांनाही बोलवावं लागतं. गोजराबाईने दारातूनच हाक मारली. प्रयागबाई गेली. बरोबर पंचफुलाही गेली आणि पाट्याशेजारी फतकल मारून बसली. तीन दिवस भिजून आंबलेले गहू प्रयागबाई वरवंट्याखाली वाटत होती, पाण्यात कोळून कोंडा पिळून काढत होती. दुधासारखं पाणी गुंडात, म्हणजे मोठ्या पितळी भांड्यात, जमत होतं. ते रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाशी पांढरा चीक बसलेला असतो, तो शिजवायचा. कोपरापर्यंत हात भरलेले असताना तिचं लक्ष पोरीकडे गेलं. एवढं वाटलं, पिळलं, गाळलं, आणि पोर एकदाही खोकली नव्हती.

ओलं पीठ उडत नाही, हे काय प्रयागबाईला नवं होतं? पण दगड म्हणजे उखळ आणि जातं, ओलं वाटायचं ते गहू नि डाळ, अशी हातांची सवय. त्या सवयीपलीकडे आजवर तिचं मन गेलं नव्हतं. घरी येऊन तिने खुंटीवरचा पितळी गुंड काढला. हा तिच्या आईचा. तो कुरड्यांच्या चिकाशिवाय कशाला वापरत नसत; वर्षभर घासून उपडा ठेवलेला असे. दगड त्यात गेला की तो पुन्हा स्वयंपाकात घ्यायचा नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने तो मागच्या दारी नेऊन ठेवला. नाल्यावरून एक चपटा दगड आणला, त्यावर गारगोटीचा चुरा पाणी शिंपून वाटला आणि कोळून मलमलीतून गुंडात गाळला. गोजराबाई कुंपणापलीकडून पाहत होती. मायचं भांडं दगडात घातलंस का, असं तिने विचारलं. प्रयागबाईने होकाराची मान हलवली, आणि गोजराबाई आत गेली.

सकाळी प्रयागबाईने कुरड्यांना करतात तसंच केलं. वरचं गढूळ पाणी मोरीत ओतलं, तळाचं घेतलं, त्याच्या वड्या पाडल्या.

त्या वड्या क्लबात गेल्या आणि दोन दिवसांत परत आल्या. उकंडराव बनात झाडायला लागला तेव्हा ब्रशाखाली खरखर वाजलं. वडीतले कण टेबलावर सांडले होते, आणि पांढऱ्या चेंडूवर केसासारखे बारीक ओरखडे उठले होते. चेंडू हस्तिदंताचे, तेही लढाईत मिळायचे नाहीत. वकिलांनी चेंडू बत्तीपुढे धरून पाहिला आणि सांगितलं, महिना संपला की टेबल झाकायचं. उकंडरावने घरी येऊन वड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि अनसिंगच्या भावाला निरोप धाडावा का, असं विचारलं. ती म्हणाली, थांबा.

दिवसभर ती कामं करत राहिली, पण मन त्या वड्यांत होतं. वाटण्यात कसूर केली नव्हती. मलमलही तीच होती. दुपारी भांडी घासायला ती मोरीवर बसली. तिथल्या काळ्या फरशीच्या एका कोपऱ्यावर, जिथे पाणी पोचत नसे, पांढुरकी साय वाळली होती. तिने ती नखाने खरवडली आणि बोटांत चोळली. कण लागेना. गालाला लावून पाहिली तरी लागेना, आणि तरी बोट बोटावरून घसरत नव्हतं.

मग तिला कळलं की आपण काय केलं. गव्हाचा चीक खाली बसतो, तो ठेवायचा असतो आणि वरचं पाणी फेकायचं असतं. जन्मभर हाताला तेच वळण. दगडाचं उलटं होतं. जाड असेल ते आधी खाली जात होतं, आणि हवं ते बारीक रात्र उलटली तरी वरच्या गढूळ पाण्यातच राहत होतं. ते तिने स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं होतं.

तिने गारगोट्या पाण्यातून काढून ओल्याच कुटल्या आणि पुन्हा वाटल्या. कोळलेलं पाणी गुंडात ओतून एक भाकरी थापून भाजून होईपर्यंत ठेवलं. तळाशी वाळू बसली. वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, आणि ते मात्र दोन दिवस हलवलं नाही. खाली जो चीक बसला तो लोण्यासारखा होता. ओला असतानाच त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ कालवली, ओलाच आगपेटीत भरला. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठे काही उडालं नाही. पंचफुला शेजारी बसून आगपेट्यांची गाडी करत होती.

या वड्या क्लबात गेल्या त्या संध्याकाळी प्रयागबाई दारातच उभी होती. उकंडराव आला, चपला काढल्या, पाय धुतले.

"वकील सायबानं खडू लावला," तो म्हणाला. "चेंडू पायला, बनात पायली. काई बोल्ले नाई."

"काई बोल्ले नाई मंजे?"

"मंजे चांगला हाय."

महिना संपला आणि टेबल उघडंच राहिलं. तिचं जातं कितीही धुतलं तरी पुन्हा पिठाला लागलं नाही. पुढच्या वर्षी कुरड्या गोजराबाईच्या गुंडात दोन्ही घरांच्या मिळून झाल्या. पंचफुलाचा खोकला एकदम गेला असं नाही. आभाळ आलं की छाती वाजायची. पण रात्री उठून बसावं लागेना, आणि औषधाची बाटली पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरू लागली.

खडू जमला त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाला, प्रयागबाई पोरीला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी नळी लावली, पाठीवरून ऐकलं, पुढून ऐकलं. पूर्वीपेक्षा बरीच मोकळी आहे म्हणाले. रांगोळी बंद केलीत ते बरं केलंत, असंही म्हणाले आणि बाटली भरायला वळले. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेराला निळं लागलेलं होतं.

प्रयागबाईने ते पाहिलं. गप्प बसून बाटली घेऊन येता आलं असतं. पण या माणसाला खोटं सांगून त्याच्याच औषधावर पोर वाढवायची, हे तिला जड व्हायला लागलं होतं. शिवाय आता करते तेही पोरीला बाधत असेल तर, ही शंका तिच्या मनातून जात नव्हती, आणि ती विचारायची तर खरं सांगावंच लागणार होतं.

"रांगोळी नव्हती जी," ती म्हणाली. "तुमच्या अंगठ्याले लागलं हाय ना, थे होतं. आता मी ओलं वाटतो, कोरडं दयत नाई. तसं चालते का?"

डॉक्टरांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग कशी करता ते सांगा म्हणाले. तिने गारगोटीपासून आगपेटीपर्यंत सगळं सांगितलं. ते बाटलीत औषध ओतत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी बाटलीला बूच लावलं.

"ओलंच वाटत जा. वाळल्यावर वड्या कापता त्या घराबाहेर कापा, आणि ही तेव्हा जवळ नको. तुम्हीसुद्धा तोंडाला फडकं बांधा."

"अन वकील सायबाले काय सांगू?"

"नागपूरचाच आहे तो खडू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताच पंचफुला पुढे पळत सुटली. हळू चाल, अशी प्रयागबाईने नेहमीसारखी हाक मारली, पण पोर तोवर क्लबाच्या कुंपणाशी पोचली होती. घरी आल्यावर तिने आधी पोरीच्या नाकाशी हात धरला. मग मागच्या दारी जाऊन गुंडातलं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढलं.